एका खोलीतल्या दोन हवा

आगरदांड्याच्या आमच्या घरात शेवटचं वर्षभर दोन हवा होत्या. एक खाटेशेजारच्या काळ्या, पांढऱ्या खांद्याच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये कोंबलेली. दुसरी म्हाताऱ्याच्या गळ्यातून कशीबशी ये-जा करणारी. पहिली दाबलेली होती, दुसरी दबत नव्हती. हा फरक कळायला मी तरुणपणाची बरीच वर्षं खर्ची घातली, आणि म्हातारपणी तो घरात वापरायची वेळ आली तेव्हा वाटलं, नसता कळला तरी चाललं असतं.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणत आले आणि पाठीमागे म्हातारा. त्यालाही ते ठाऊक होतं. जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर त्याचं वर्कशॉप होतं. होड्यांची आणि लाँचची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. आयुष्यभर एका बाजूने डिझेलचा धूर आणि दुसऱ्या बाजूने विडी. फुफ्फुसांनी पुष्कळ वर्षं सहन केलं, मग सोडून दिलं. त्यात न्यूमोनिया झाला. मुंबईच्या इस्पितळात व्हेंटिलेटरवर ठेवलं, गळ्यात नळी घातली. त्यातून परत आला खरा, पण नळी जिथे टेकली होती तिथे श्वासनळीला आतून वण धरला आणि ती जागा चिमटा घेतल्यासारखी आवळत गेली. आता अंगणात जाऊन आला तरी ओठ जांभळे व्हायचे.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "कारणं दोन आहेत. फुफ्फुसं गेलेली आहेत, आणि वर श्वासनळीही अरुंद झालीय. दम जास्त कशाने लागतोय ते मला छातीठोक सांगता येत नाही. फुंकायची चाचणी त्यांना नीट जमतच नाही. नळीमुळे असेल तर ती रुंद करून बरंच सुख मिळेल. फुफ्फुसांमुळे असेल, तर ऑपरेशननंतर ते व्हेंटिलेटरवरून उतरतील असं मी म्हणणार नाही."

म्हाताऱ्याचं एकच मागणं होतं. "गो, काय पण कर, पण ती नळी परत गळ्यात नको. आत माणूस जिता असतो आणि बोंबलता येत न्हाय."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. दम श्वासनळीतल्या चिमट्यामुळे लागतोय, तर ऑपरेशनला न्यायचं. फुफ्फुसांमुळे, तर न्यायचं नाही. चूक झाली, तर जे त्याला नको होतं नेमकं त्यातच तो मरणार.

आमचा मुलगा पनवेलला असतो. त्याचं ठरलेलं होतं, न्यायचं. तो बापाचा मुलगा आहे, हातात पाना घेऊन गप्प बसणं त्याला जमत नाही. त्याची मुलगी, माझी नात, पुण्याला एका कंपनीत कामाला आहे. ट्रकच्या इंजिनात हवा कोंबणारा जो टर्बो असतो, त्याच्या आतल्या हवेची गणितं ती करते. म्हणजे धंदा आजीचाच. घरात शहाणपण एक पिढी सोडून उतरतं असं म्हणतात. मूर्खपणाही तसाच उतरतो, हे कुणी सांगत नाही.

नात म्हणाली, "आजी, आजोबांचा सीटी स्कॅन आहे ना, मग नळीचा आकार मिळाला. मी श्वास सोडते त्यातून. कॉम्प्युटरवर. चिमट्यापाशी किती दाब खर्च होतो ते काढू."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गणितावर मी चाकू चालवत नाही, पण बघायला मला आवडेल.

सुट्टी टाकून ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हाताऱ्याच्याच खोलीत टेबल मांडून बसली. त्यालाही करमणूक. पडद्यावर त्याची श्वासनळी, पडवळासारखी, मधे कुणी दोरा बांधल्यासारखी.

"ही मी?" त्याने विचारलं.

"तुम्ही नाही, तुमचा गळा."

"आज्जीला दाखव. पन्नास वर्षं तिला धरायचा होता."

या पद्धतीला फायनाइट व्हॉल्यूम म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं. नळीच्या आतल्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे पाडायचे. आम्ही त्यांना घरं म्हणायचो. मग प्रत्येक घराच्या दारात उभं राहायचं. किती हवा आत आली, किती बाहेर गेली, किती आत राहिली. एका घरातून गेलेली शेजारच्या घरात गेलीच पाहिजे, वाटेत हरवता कामा नये. बस. बाकी सगळं शहाणपण एका प्रश्नात आहे: घरात हवा साठू शकते का? दाबून दाटीवाटीने राहू शकते, की जेवढी आली तेवढी लगेच निघालीच पाहिजे? पुस्तकांत याला संपीड्य आणि असंपीड्य प्रवाह म्हणतात. हे शब्द उच्चारताना माणसालाच दम लागतो, म्हणून मी दबणारा आणि न दबणारा म्हणते. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि चुकीची निवडली तरी कॉम्प्युटर ओरडत नाही. तो रंगीत चित्र काढून देतो.

तीन दिवसांनी चित्र आलं. चिमट्याच्या आधी लालभडक, पुढे निळंशार. नातीने मला हात धरून नेलं.

"बघ आजी. जवळजवळ सगळा दाब इथेच खर्च होतोय. नळीच आहे. नळी मोकळी केली की आजोबा मोकळे."

मुलाला फोन गेला. त्याने तिकडे लगेच तारखेचं बोलणं सुरू केलं. नात आजोबांच्या पायाशी बसून रडली, सुखाने. म्हाताऱ्याने मला सांगितलं, "गो, ओली करंदी आण. सुकं खाऊन जीव इटला." बऱ्याच दिवसांनी त्याने काही मागितलं होतं. मी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणली, साफ केली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. तो अर्धी भाकरी जेवला. लाल आणि निळ्याच्या मधली ती रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. अशी रेघ मी पूर्वी पाहिली होती. बोंबलांत.

आता त्या काळच्या मला इथे बोलवावं लागेल. ती म्हणजे एक प्रकरण होतं. मुंबईत एका संशोधन संस्थेत नोकरी, कांजीची कडक साडी, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत छापील आकड्यांची भेंडोळी. कुणी विचारो न विचारो, उलगडून दाखवायला. बाईंनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता, आवाजाहून वेगाने जाणाऱ्या वायूचा. नोझलमधून, म्हणजे आवळलेल्या तोंडातून, वायू सुटतो, पुढे धक्क्याची लाट उभी राहते, आणि ती लाट बाईंच्या आकड्यांत सुरीने कापल्यासारखी दिसायची. त्याचा इतका गर्व, की बघायला आलेल्या मुलाला पोह्यांबरोबर तोच वाढला. मुलगा डिझेल इंजिनवाला. त्याच्या इंजिनातही नोझल असतं, म्हणून तो शब्द ऐकून खूश. पुढे जन्मभर सांगायचा, "मला वाटला हिला इंजिन कळतं. लग्न झाल्यावर समजला, हिला नुसतं नोझल कळतं."

तर लग्नानंतर बाई सासरी आल्या. किनाऱ्यावर बांबूच्या रांगांवर सासूबाईंचे बोंबील वाळत होते. बाईंनी ठरवलं, या रांगांमधून वारा कसा जातो ते शोधून सासरचं भलं करायचं. प्रोग्रॅम होताच, धक्क्याच्या लाटांचा. हवा ती हवा. हवा दबते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे दबणाऱ्या हवेचाच प्रोग्रॅम लावायचा. संस्थेत संगणक एक आणि त्याच्यापुढे रांग. बाईंनी सगळ्यांच्या पाया पडून वेळ मिळवला. ते यंत्र आठवडेच्या आठवडे दळत बसलं. आणि उत्तर आलं: तिसऱ्या रांगेवर सरळ रेघ, तिच्यापुढे वारा नाही.

भेंडोळं घेऊन बाई किनाऱ्यावर गेल्या. सगळ्यात मागच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला, सासूबाईंना समजावू लागल्या, की इथे वारा पोचत नाही, इथे मासळी घालू नका. तेवढ्यात भेंडोळं हातातून सुटलं आणि उलगडत पार पाण्यापर्यंत गेलं. पदर उडून तोंडावर बसला. बाई पदराच्या आतून बोलतच होत्या: "इथे वारा नाही." नवरा वाळूत बसून हसला. मी आजही त्या बाईला माफ केलेलं नाही, मात्र पदर बाजूला करून तिचं तोंड बघायला मला फार आवडेल.

चूक कुठे होती ते कळायला पुढे खूप दिवस गेले. हवेला एका ठिकाणी ढकललं की ती बातमी आवाजाच्या वेगाने पसरते. माझा प्रोग्रॅम त्या बातमीच्या मागे धावणारा होता. सुसाट वायूला ते लागतंच. तिथे वायू आणि बातमी साधारण बरोबरीने पळतात. पण किनाऱ्यावरचा वारा बातमीच्या मानाने गोगलगाय. शिवाय उत्तर डगमगू नये म्हणून अशा पद्धतीत थोडा खोटा चिकटपणा मिसळावा लागतो, आणि तो आवाजाच्या वेगाच्या मापाने मिसळलेला असतो. सुसाट वायूला तो जाणवत नाही. मंद वाऱ्याला मात्र काकवी लागावी तसा लागतो. माझा वारा बोंबलांनी अडवला नव्हता, माझ्याच काकवीत रुतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला पेज भरवून झाल्यावर मी नातीला विचारलं, "कुठली पद्धत लावलीस?"

"ऑफिसचीच. टर्बोला लावतो ती. डेन्सिटीवाली."

"म्हणजे दबणारी."

"हवाच आहे ना, आजी. पाणी थोडंच आहे."

भेंडोळंवाल्या बाईंनी हेच वाक्य जवळजवळ याच सुरात म्हटलं होतं.

"घरं निम्म्याने बारीक कर," मी म्हटलं. "चिमट्यापाशी. आणि परत लाव."

"वेळ लागेल."

"लागू दे."

वेळ लागला. तेवढ्यात मुलाने इस्पितळाशी बोलून पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख नक्की केली. दुसरं चित्र आलं तेव्हा लाल फिकट झालं होतं. चिमट्यापाशी खर्च होणारा दाब निम्म्याच्या आसपास उतरला होता.

नात पडद्याकडे बघत राहिली. ती हुशार आहे, माझ्याहून लवकर समजली. तरी मी बोलले, कारण बोलणं माझ्या वाट्याचं होतं. "नळी तीच. माणूस तोच. श्वास तोच. आपण घरं बारीक केली म्हणून यांचा गळा कसा रुंद झाला?"

"खोटा आहे तो दाब," ती म्हणाली. "घरं अजून बारीक केली तर अजून उतरेल."

"व्हय."

"पण आजी, हवा कॉम्प्रेसिबल असते. म्हणजे असतेच ना?"

पेज भरवायची बिनसुईची सिरिंज तिथेच पडली होती. मी ती हवेने भरली, तोंडाला अंगठा लावला आणि दट्ट्या दाबला. थोडा गेला आणि अडला. मग अंगठा काढून दट्ट्या सावकाश ढकलला, तो न अडता आत गेला.

"दे इकडं," खाटेवरून म्हातारा बोलला. त्याला वाटत होतं आमचं काही तरी गमतीचं चाललंय. त्याने स्वतः अंगठा लावून दाबलं, काढून दाबलं, हवा गालावर घेतली. चार शब्दांमागे एक श्वास घेत म्हणाला, "इंजिनात दाबायचं तर दोन्ही व्हाल्व बंद ठेवतात. उघडा असला तर काय दबते ती. निघून जाते."

"आणि तुमचा व्हाल्व?"

"माझा उघडा हाय ना. अरुंद, पण उघडा."

तेच होतं. वाट उघडी असली आणि घाई नसली, की हवाही पाण्यासारखी वागते. आवाजाच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तिला न दबणारी मानलं तरी बिघडत नाही, आणि म्हाताऱ्याचा श्वास चिमट्यातूनही त्याच्या कितीतरी खाली होता. पद्धत पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. तो किती वेगाने आणि कुठल्या वाटेने जातोय, यावरून ठरते. पाणीसुद्धा, भरल्या पाइपाचा व्हाल्व एकदम बंद केला तर दबतं आणि पाइपाला दणका देतं. तरुण बाईंना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला धक्क्याची लाट दाखवली असती.

न दबणाऱ्या पद्धतीत घराला काही साठवायची मुभाच नाही. आलं तेवढं गेलंच पाहिजे. म्हणून तिथे दाब आधी अंदाजाने धरतात, त्यावरून वेग काढतात, मग घराघरांत बघतात, आलं-गेलं जुळतंय का. नाही जुळलं की दाब थोडा सुधारायचा, परत वेग, परत जुळणी. बातमीच्या मागे कुणी पळत नाही. बातमी सगळीकडे एकदमच पोचली असं धरून चालतात. मंद श्वासाला हीच पद्धत. नातीच्या ऑफिसात तीही होती, फक्त टर्बोवाल्यांना तिची गरज पडत नव्हती.

ती लावली. जाड घरांवर लावली, बारीक घरांवर लावली. दोन्हींचं उत्तर जवळपास एक आलं. चिमट्यापाशी दाब खर्च होत होता, पण थोडा. म्हातारा ज्या कष्टाने श्वास ओढत होता, त्याच्या मानाने अगदी थोडा. राहिलेला सगळा खाली, फुफ्फुसांत, जिथे कुणी काही रुंद करू शकत नव्हतं.

नात लॅपटॉप मिटून बसली. "मी काढलंच नसतं तर?"

"तर तुझ्या बापाने नेलंच असतं."

"पहिलं उत्तर खरं असेल असं कधीच होणार नाही का? एवढंसं तरी?"

"खरं असतं तर घरं बारीक केल्यावर हललं नसतं, बाय."

ती उठून मागच्या दारी गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मुलाला मी फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तुझी ती बोंबलांची गोष्ट बाबांनी मला शंभरदा सांगितलीय. आणि आता तुझ्याच गणितावर मी बाबांना घरी ठेवू?"

"त्या गोष्टीमुळेच सांगतेय."

"तुला त्यांना वाचवायचं नाही का?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना दोन्ही चित्रं दाखव." फोन ठेवल्यावर मी शेवग्याच्या शेंगा मोडत बसले, आणि निम्म्या साली भांड्यात टाकल्या.

त्याने दाखवली. डॉक्टरांनी बघितली, नातीला चार प्रश्न विचारले. म्हणाले, माझीही भीती हीच होती, पण तुमची आशा मोडायला माझ्याकडे काही नव्हतं. ऑपरेशन तुम्हाला हवंच असेल तर करणारे मिळतील.

म्हाताऱ्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी खाटेवर बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं, "गळ्यात काय न्हाय ना?"

"आहे. पण थोडं."

"म्हंजे खालचं इंजिन गेलं."

"व्हय."

"इंजिनाचा बोअरच आतून झिजल्यावर वरचा व्हाल्व बदलून काय फायदा." तो थांबला, श्वास जमवला. "मना न्हाय जायाचा."

"नाही जायचं."

"तो पोरगा ऐकंल?"

"मी बघते."

"तू काय बघतेस. तुला नोझल कळतं नुसतं."

मुलगा शनिवारी आला. बापाशी बोलला, माझ्याशी नाही. जाताना चप्पल घालून उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "तारीख रद्द केली." आणि गेला. त्यानंतर दर आठवड्याला यायचा, सिलिंडर बदलून आणायचा, बापाची दाढी करायचा. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. अजूनही तसंच आहे थोडं. मी त्याला दोष देत नाही. त्याला पहिलं चित्र दाखवलं होतं. लाल रंग एकदा डोळ्यांत बसला की फिकट होत नाही.

म्हातारा पावसाळा काढून गेला. हे महिने बरे होते असं कुणी लिहिलं तर खोटं आहे. त्याला झोपता यायचं नाही, उशांवर ओणवा बसून राहायचा. वीज गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं आणि मी धावत सिलिंडरची चावी फिरवायची. दिघीला जाणाऱ्या लाँचचं इंजिन सुरू झालं की तो बोट वर करायचा आणि कान द्यायचा. एकदा म्हणाला, "टायमिंग हललंय." लाँचवाल्याने निरोप ऐकला, पण बघितलं की नाही देव जाणे. भातं कापणीला आली तेव्हा एका दुपारी, मी पाठीवर हात फिरवत असताना, त्याचा श्वास लहान लहान होत गेला. गळ्यात काही अडकलं नाही. वाट शेवटपर्यंत उघडी होती. ढकलायला मागे कुणी उरलं नाही, एवढंच. गळ्यात नळी नव्हती, म्हणून शेवटचं बोलता आलं. बोलला काय, तर "गो, पाय सरळ कर." मी केले.

दिवसकार्य झाल्यावर नात मला म्हणाली, "आजी, आजोबांच्या गळ्याची ती फाइल मी पुसू का?" मी म्हटलं, ठेव. मला त्याचा गळा कधीतरी धरावासा वाटेल.

मग सिलिंडरवाला आला. टेम्पो दारात लावून शेवटचा सिलिंडर न्यायला. त्यात बरंच शिल्लक होतं. म्हणाला, "मावशी, नव्याने भरायच्या आधी उरलेला सोडावाच लागतो, इथेच सोडू का?" मी होय म्हटलं. त्याने चावी फिरवली. शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला, आणि तो काही केल्या संपेना. जेट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. व्हाल्वच्या पितळेवर दव धरलं. मी बोट लावून बघितलं तर भर उन्हात बर्फासारखं गार.

ही हवा दबलेली होती. सुटताना गार पडते, आवाजाशी शर्यत लावते. हिला माझा तरुणपणीचा प्रोग्रॅम अगदी बरोबर लागू पडला असता. बाई खूश झाल्या असत्या, भेंडोळं उलगडून बसल्या असत्या. मी पदराने बोट पुसलं आणि आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.